एफटी-८९१ आणि दहा मीटरचे एफएम रिपीटर : कोल्हापुरातून केलेले परीक्षण

हौशी रेडिओचालकांमध्ये याएसू एफटी-८९१ या संचाविषयी बोलणे निघते ते बहुधा चाळीस आणि वीस मीटर तरंगलांबीच्या बँडवरील एसएसबीपुरते, म्हणजे आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या अरुंद पद्धतीपुरते. संच लहान आहे, शंभर वॅट देतो, गाडीत बसतो, एवढ्यावर चर्चा थांबते. मी तो घेतला तो मात्र वेगळ्या कामासाठी. दहा मीटर बँडच्या अगदी वरच्या टोकाला, २९.५ ते २९.७ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्टीत, एफएमवर चालणारे रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेले दुसरीवर पुन्हा प्रसारित करणारी स्वयंचलित केंद्रे) आहेत, आणि बँड उघडला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांवरून लहरी परत येऊ लागल्या, की हे रिपीटर हजारो किलोमीटरवरून स्थानिक स्टेशनासारखे स्वच्छ ऐकू येतात. कोल्हापुरात बसून त्यांच्यापर्यंत पोहोचता येते का, आणि त्यासाठी हा संच कितपत योग्य आहे, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. मोर्स, डिजिटल पद्धती किंवा स्पर्धांमधील कामगिरी यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलेले आहे. त्यात मी शिरत नाही.

दहा मीटरचा बँड २८.० पासून २९.७ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला आहे. त्याच्या खाली असलेल्या लघुलहरींच्या कोणत्याही हौशी बँडला एवढी रुंदी मिळालेली नाही, आणि एफएम येथे परवडते ते त्यामुळेच. एसएसबीचे संभाषण तीन किलोहर्ट्झच्या आत मावते, तर पाच किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे तेवढ्या सरकणाऱ्या, एफएमला सोळा किलोहर्ट्झच्या आसपास जागा लागते. प्रचलित आखणीनुसार २९.६०० ही सिम्प्लेक्सची, म्हणजे रिपीटरविना थेट कॉल देण्याची फ्रिक्वेन्सी आहे. रिपीटर २९.६२०, २९.६४०, २९.६६० आणि २९.६८० वर बोलतात आणि त्या प्रत्येकीच्या शंभर किलोहर्ट्झ खाली, म्हणजे २९.५२०, २९.५४०, २९.५६० आणि २९.५८० वर ऐकतात. त्याखालची २९.३ ते २९.५१ ही पट्टी उपग्रहांसाठी राखलेली आहे. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला ऑस्कर-७ हा हौशी उपग्रह, त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असूनही, केवळ सौरपट्ट्यांवर अजून जागा होतो आणि त्याच्या दोन ट्रान्सपाँडरांपैकी (ऐकलेला सिग्नल दुसऱ्या पट्टीत परत पाठवणाऱ्या यंत्रणांपैकी) एक याच पट्टीत पृथ्वीकडे बोलतो. पट्टी शांत दिसते म्हणून तेथे एफएमचा कॉल देणे त्यामुळे सर्वथा अनुचित आहे, आणि दहा मीटरवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगितले पाहिजे असे मला वाटते.

१४५ मेगाहर्ट्झच्या (व्हीएचएफ) रिपीटरवर हात बसलेल्या चालकाला येथे दोन गोष्टी नव्याने सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे शिफ्ट, अर्थात रिपीटरच्या बोलण्याच्या व ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सींतले अंतर. तेथे सहाशे किलोहर्ट्झची शिफ्ट असते, येथे शंभरची. एफटी-८९१ च्या मेनूमध्ये २८ मेगाहर्ट्झसाठी रिपीटर शिफ्टची स्वतंत्र नोंद आहे आणि ती कारखान्यातूनच शंभर किलोहर्ट्झवर लावलेली येते, त्यामुळे या बाबतीत काही करावेच लागत नाही. फंक्शन यादीतून शिफ्टची दिशा उणे केली, की पीटीटी, म्हणजे माइकवरचे बोलण्याचे बटण, दाबताच पडद्यावरील आकडा २९.६२० वरून २९.५२० वर सरकलेला दिसतो आणि बटण सोडले की मागे येतो. दुसरी गोष्ट सीटीसीएसएस टोनची. बोलण्याखाली सतत वाजत राहणारा, ऐकणाऱ्याला न जाणवणारा हा बारीक स्वर रिपीटरला मिळाला नाही, तर तो उघडत नाही. संचात असे पन्नास टोन आहेत आणि हवा तो निवडून फ्रिक्वेन्सी, शिफ्ट व टोन हे तिन्ही एकत्र एका मेमरीत ठेवता येतात. नेहमीच्या वापरासाठी नव्व्याण्णव मेमरी आहेत. मी त्यांतला एक गट केवळ दहा मीटरच्या एफएमसाठी राखून ठेवला आहे : आधी २९.६००, मग चारही रिपीटर फ्रिक्वेन्स्या टोनविना, आणि त्यापुढे त्याच फ्रिक्वेन्स्या वेगवेगळ्या टोनसह. संध्याकाळी बँड उघडतो तेव्हा वेळ थोडा असतो; त्या वेळी मेनूत शिरून टोन शोधत बसण्यापेक्षा मेमरीची खुंटी फिरवणे फार सोयीचे पडते.

टोनचे महत्त्व दहा मीटरवर व्हीएचएफपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय या रिपीटरांवर काम करण्यात अर्थ नाही. १४५ वरचा रिपीटर शंभरएक किलोमीटरच्या परिघात ऐकला जातो, त्यामुळे तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा वापरता येते. दहा मीटरवर मात्र साऱ्या जगाला मिळून फ्रिक्वेन्सीच्या मोजक्याच जोड्या आहेत, आणि बँड उघडलेला असताना एकाच जोडीवरचे दोन-तीन देशांतील रिपीटर एकाच वेळी ऐकू येतात. टोन नसता, तर कोल्हापुरातून दाबलेल्या एका पीटीटीने ते सगळे एकदम जागे झाले असते आणि परत येणाऱ्या आवाजांचा नुसता गलका झाला असता. न्यूयॉर्क राज्यातील २९.६२० वरचा रिपीटर जगभरच्या चालकांच्या परिचयाचा आहे आणि त्याला १४६.२ हर्ट्झचा टोन लागतो. तो टोन लावून कॉल दिला, की त्याच फ्रिक्वेन्सीवरचे दुसरे, वेगळा टोन मागणारे रिपीटर गप्प राहतात. कॉलसाइन (परवान्याचे ओळखनाव) न देता नुसती पीटीटी दाबून रिपीटर उघडतो का ते पाहण्याची सवय या बँडवर अधिकच त्रासाची ठरते, कारण ती टिचकी एका शहरापुरती राहत नाही, खंडभर ऐकू जाते.

संचाच्या ग्रहणक्षमतेबद्दल लिहिण्यापूर्वी बँडची परीक्षा कशी करावी हे सांगणे आवश्यक आहे, कारण बंद बँडवर बसून संचाला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. २८.२०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय बीकनसाखळी, म्हणजे आपोआप ठराविक सिग्नल देणाऱ्या केंद्रांची मालिका, चालते. जगभरातील अठरा ठिकाणांचे बीकन ठरलेल्या क्रमाने प्रत्येकी दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक बीकन आपली कॉलसाइन मोर्समध्ये शंभर वॅटवर देतो आणि मग चार लांब ठोके देतो : पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एकाचा आणि चौथा अवघ्या शंभर मिलिवॅटचा. आपल्याला कितवा ठोका ऐकू येतो यावरून त्या दिशेचा मार्ग किती उघडला आहे ते नेमके कळते. कोलंबोचा बीकन आपल्याला सर्वांत जवळचा, कोल्हापूरपासून सुमारे साडेबाराशे किलोमीटरवर. तो मे-जूनमध्ये एखाद्या दुपारी अचानक जोरात येऊ लागला, की आयनांबरातील ई थराचे तुरळक ढग तयार झाले आहेत असे समजावे. माझा अनुभव असा, की ज्या दिशेच्या बीकनचा दहा वॅटचा ठोका स्वच्छ येतो, त्या दिशेच्या एफएम रिपीटरसाठी प्रयत्न करण्यात अर्थ असतो. केवळ शंभर वॅटचाच ठोका येत असेल, तर एसएसबी चालेल, एफएम नाही.

हा फरक एफएमच्या स्वभावातच आहे. एसएसबीचा सिग्नल क्षीण होत गेला, तर आवाज हळूहळू खरखरीत बुडत जातो आणि सवयीचा कान शेवटपर्यंत काही अक्षरे टिपतो. एफएममध्ये एक उंबरठा असतो. सिग्नल त्याच्यावर असेपर्यंत पार्श्वभूमी शांत राहते आणि खाली गेला की शब्दच नाहीसे होतात. त्या बदल्यात एफएमचे दोन मोठे गुण पदरात पडतात. ग्रहणाच्या वाटेत लिमिटर असल्यामुळे सिग्नलच्या उंचीतले चढउतार कापले जातात, म्हणून वळवाच्या दिवसांत क्षितिजावर विजा चमकत असताना एसएसबीवर जी कडकड ऐकू येते, ती पुरेशा जोरदार एफएम सिग्नलवर जवळजवळ नाहीशी होते. आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशने आली, तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून टाकतो. एसएसबीवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, येथे बहुतेक वेळा एकच ऐकू येतो. अर्थात दोन्ही सिग्नल तुल्यबळ असले, की पारडे क्षणोक्षणी इकडून तिकडे झुकते, आणि अर्धे वाक्य एका देशातून तर उरलेले दुसऱ्या देशातून ऐकू येते.

एफटी-८९१ या सगळ्याला कसा सामोरा जातो? उत्तर समाधानकारक आहे. एफएमवर त्याचा आवाज मोकळा आणि भरदार आहे, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) अगदी उंबरठ्याशी लावला तरी उगाच उघडझाप करत नाही, आणि पाच व अडीच किलोहर्ट्झ अशी दोन्ही डेव्हिएशने उपलब्ध असल्यामुळे समोरचे स्टेशन अरुंद एफएम वापरत असेल तर तसे जुळवून घेता येते. मात्र आकाशमार्गाने आलेल्या एफएमची जी जन्मजात खोड आहे, तिच्यावर कोणत्याच संचाकडे उपाय नाही. एकच सिग्नल दोन वेगळ्या वाटांनी किंचित अंतराने पोहोचला, की कॅरिअरचा (मूळ वाहक लहरीचा) काही भाग क्षणभर कापला जातो आणि बोलणे फाटल्यासारखे, तुटक होते. सुईकडे पाहावे तर सिग्नल भरपूर, आणि शब्द मात्र लागत नाहीत. न्यूयॉर्कचा मार्ग कोल्हापूरहून उत्तरेकडे, ध्रुवीय प्रदेशाला चाटून जातो, त्यामुळे त्यावर हा थरथरता विपर्यास अधिक जाणवतो. शिशिराच्या तोंडाशी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान, म्हणजे तिकडे सकाळ वर येत असताना, तो रिपीटर येथे ऐकू येण्याची शक्यता सर्वाधिक. युरोपचे रिपीटर दुपारनंतर, त्यांच्या मानाने बरेच सहज आणि स्वच्छ येतात. सकाळच्या वेळी पूर्वेची दिशा लाभदायक ठरते आणि २९.६०० वर जपान व ऑस्ट्रेलियाकडचे सिम्प्लेक्स कॉल मिळतात. परदेशी रिपीटर उघडून त्याच्याच गावातल्या, गाडीतून कामावर निघालेल्या कुणाशी बोलण्याचा आनंद थेट संपर्काहून निराळा आहे. त्याच्या दृष्टीने तो रोजच्या रिपीटरवर आलेला असतो आणि समोरून कोल्हापूर ऐकू येते. मला या सगळ्या छंदात सर्वांत जास्त भुरळ घालणारी गोष्ट ती हीच.

आता प्रसारणाकडे. संच शंभर वॅट देतो हे खरे, आणि एफएमवरही देतो. पण एसएसबीमध्ये शक्ती बोलण्याबरोबर वरखाली होते, तर एफएममध्ये पीटीटी दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण कॅरिअर बाहेर जात असतो, मग तुम्ही बोला अथवा थांबा. शंभर वॅटवर हा संच १३.८ व्होल्टला तेवीस अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. म्हणजे सुमारे तीनशे वॅट आत गेले, शंभर अँटेनाकडे गेले आणि उरलेल्या दोनशे वॅटची उष्णता १५५ मिलिमीटर रुंद, ५२ मिलिमीटर उंच आणि जेमतेम एक किलो नऊशे ग्रॅम वजनाच्या पेटीतून बाहेर काढायची. पंखे आपले काम चोख करतात, परंतु एप्रिल-मेच्या दुपारी खोलीतच पारा पस्तिशीच्या पुढे असताना पूर्ण शक्तीवर लांबलचक बोलणे मी योग्य मानत नाही. मी एफएमसाठी शक्ती पन्नास वॅटवर ठेवतो. समोरच्याच्या सुईवर हा फरक अर्ध्या एस-युनिटाचा (सिग्नलमापकावरील अर्ध्या घराचा), आणि संचाच्या आयुष्यावर मात्र मोठा. आपल्या परवान्याच्या श्रेणीनुसार जी शक्तिमर्यादा लिहिलेली असेल ती तर पाळायचीच आहे. गाडीत संच बसवणाऱ्यांनी एवढा प्रवाह सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेण्याचा विचारही करू नये; बॅटरीपासून थेट जाड वायर आणि दोन्ही तारांना फ्यूज हाच मार्ग.

अँटेनाच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत असे मी मनापासून म्हणतो. २९.६ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेला दोन भुजांचा अँटेना) सुमारे ४.८ मीटर लांब होतो, आणि पाव तरंगलांबीचा उभा अँटेना अवघा २.४ मीटर. म्हणजे चाळीस मीटरच्या डायपोलसाठी ज्याला गच्ची पुरत नाही, त्यालाही दहा मीटरचा पूर्ण मापाचा अँटेना सहज उभारता येतो. माझा उभा अँटेना शिवाजी उद्यमनगरात तयार झाला. एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, तळाशी टेफ्लॉनच्या कांबीतून लेथवर काढून घेतलेला इन्सुलेटर, आणि चार दिशांना उतरत्या कोनात ताणलेले २.४ मीटरचे चार रेडियल (जमिनीचे काम करणाऱ्या तारा). मेस्त्रींना आकृती दाखवली तेव्हा त्यांनी रेडिओबद्दल काही विचारले नाही. ‘‘पाऊस आत शिरायला नको असेल तर टोपी वरून घालू या, खाच खालून ठेवू या,’’ एवढेच म्हणाले आणि टेफ्लॉनवर छत्रीसारखी बाहेर आलेली कड काढून दिली. येथील पावसात ती कड अत्यंत उपयोगी पडली आहे. जुलैच्या संततधारेतही एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप) जागचा हलत नाही. नळीची लांबी थोडी जास्त ठेवून २९.६०० वर किमान एसडब्ल्यूआर मिळेपर्यंत ती आत सरकवत नेली, की संपूर्ण एफएम पट्टी दीडच्या आत बसते. या संचात अंगभूत ॲन्टेना ट्यूनर (संच आणि अँटेना जुळवून देणारी यंत्रणा) नाही, हे अनेकांना खटकते. पण एवढ्या लहान पट्टीसाठी मापात कापलेला अँटेना असेल तर ट्यूनरची गरज पडत नाही.

खर्च करायचाच असेल तर संच आणि अँटेना जोडणाऱ्या कोॲक्स केबलवर करावा. तीस मेगाहर्ट्झच्या आसपास तीस मीटर आरजी-५८ मध्ये सुमारे अडीच डेसिबल गळती होते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक शक्ती वाटेतच संपते. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मध्ये ती एक डेसिबलच्या जरा वर राहते. एका दुकानातून आरजी-२१३ म्हणून मिळालेल्या केबलची चाचणी घेतली, तेव्हा बाहेरची जाळी इतकी विरळ निघाली की तिच्यातून आतले पांढरे पॉलिथिन दिसत होते. केबल घेताना टोकाचे आवरण दोन इंच सोलून जाळी डोळ्यांनी पाहावी आणि मगच मोजून घ्यावी. परवान्यासाठी महिनोन्महिने थांबलेल्या, पैसे साठवून संच घेतलेल्या तरुणाची सारी मेहनत अशा केबलमध्ये वाया जाते, याचा मला राग येतो.

बँड बंद असतो तेव्हा, म्हणजे वर्षातील बराच काळ, हा संच निरुपयोगी होतो का? मुळीच नाही. २९.६०० वर सिम्प्लेक्स एफएमने स्थानिक संपर्क उत्तम होतो, आणि या बाजूकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष झाले आहे. शहराच्या गच्चीवरून कागल, इचलकरंजी आणि जयसिंगपूरपर्यंत उभ्या अँटेनावर खणखणीत आवाज मिळतो. गाडी पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर नेली, की सांगली-मिरजेकडील स्टेशनांशी दोन्ही बाजूंनी स्क्वेल्च न हलता बोलता येते. पन्हाळ्याच्या मागच्या उतारावर, जेथे १४५ मेगाहर्ट्झचा हँडसेट डोंगराआड गेला की पूर्ण गप्प होतो, तेथे दहा मीटरचा सिग्नल खरखरीसह का होईना टिकून राहतो, कारण लांब तरंगलांबीला डोंगराच्या कडेवरून वळणे अधिक सोपे जाते. पंचगंगेच्या महापुरात २०१९ आणि २०२१ साली रस्ते तुटले आणि वीज गेली, तेव्हा कोणत्याही मनोऱ्यावर अवलंबून नसलेल्या संपर्काची किंमत सगळ्या जिल्ह्याला कळली. बॅटरी, २.४ मीटरची नळी आणि असा एक संच एवढ्यावर तालुक्याच्या गावाशी बोलता येणे ही साधी गोष्ट नाही. शहरातल्या गोंगाटाचा प्रश्न मात्र आहे. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, छपरावरच्या सौरयंत्रणांचे इन्व्हर्टर आणि कारखान्यांतील मोटारींचे वेगनियंत्रक दहा मीटरवरही कचरा सोडतात, त्यामुळे क्षीण एफएम सिग्नलचा उंबरठा शहरात बराच वर चढतो. त्याच अँटेनावर रंकाळ्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानात जे रिपीटर स्पष्ट लागतात, ते राजारामपुरीत नुसते जाणवतात.

हाताळणीबद्दल माझे मत संमिश्र आहे. मुख्य खुंटी मोठी आणि हाताला भरीव लागते, हातातला माइक दणकट आहे, आणि समोरचा भाग वेगळा काढून डॅशबोर्डवर लावता येतो, त्यासाठीचा जोडसंच तेवढा स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. परंतु लहान तोंडवळ्यावर फार बटणे मावत नाहीत, म्हणून अनेक कामे मेनूत आणि फंक्शन यादीत गेली आहेत. पडद्याखालच्या ए, बी आणि सी या तीन बटणांना आपल्या पसंतीचे काम नेमून देता येते. मी त्यांपैकी एकाला रिपीटर शिफ्ट दिली आहे आणि एफएमवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तसे करावे असे सुचवीन. संचातील स्पेक्ट्रम स्कोप (बँडवरचे सिग्नल चित्ररूपात दाखवणारी सोय) सतत चालणारा नाही, एकदा झाडून घेतलेले चित्र दाखवणारा आहे. चार ठरलेल्या रिपीटर फ्रिक्वेन्स्यांसाठी त्याने काही बिघडत नाही, पण बँड कुठे जिवंत आहे हे एका नजरेत पाहू इच्छिणाऱ्याला तो अपुरा वाटेल.

अशा व्यक्तीने आयकॉमचा आयसी-७३०० पाहावा. त्यातही दहा मीटरचा एफएम, टोन आणि एफएमसाठी आधीच उणे शंभर किलोहर्ट्झवर ठेवलेला स्प्लिट (बोलण्या-ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सींतला फरक) मिळतो, शिवाय सतत हलणारा सुंदर स्कोप आणि अंगभूत ट्यूनर. टेबलावरचा संच म्हणून तो सरस आहे, गाडीत मात्र तो अडचणीचा. दुसऱ्या टोकाला केवळ दहा मीटरचे स्वस्त मोबाइल संच आहेत, सिटिझन बँडच्या धर्तीवर बांधलेले. त्यांतला एखादा घेण्याआधी त्याच्यात सीटीसीएसएस टोन आणि शिफ्ट आहे का हे कागदावर पाहून खात्री करावी, कारण ते नसेल तर तो स्वस्त संच रिपीटर ऐकेल, उघडू शकणार नाही. आणि येथे आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे : २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडची परवान्याविना वापरण्याची मोकळीक दहा मीटरला लागू नाही. येथे केंद्रीय दूरसंचार विभागाचा हौशी परवाना आणि कॉलसाइन हवीच.

घ्यावा की नाही, हे सूर्यावरही अवलंबून आहे. पंचविसावे सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचे वरखाली होणारे आवर्तन, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास त्याने शिखर गाठले. आता उतार लागला आहे. आयनांबरातील वरच्या एफ थराच्या जोरावर न्यूयॉर्क ऐकू येण्याच्या संध्याकाळी वर्षागणिक कमी होत जातील, आणि या दशकाच्या अखेरीस हा मार्ग बहुतांशी बंद असेल. केवळ दूरच्या रिपीटरांसाठी कुणी आज एवढी मोठी रक्कम घालणार असेल, तर त्याने घाई करून या उताराच्या सुरुवातीचे हंगाम साधावेत किंवा पुढच्या चक्रापर्यंत थांबावे. पण एफटी-८९१ चा फायदा असा, की तो एकाच बँडचा संच नाही. दहा मीटर झोपला तरी चाळीस आणि वीस मीटर जागे असतात, आणि मे ते जुलै या काळात तुरळक ई थराचे हजार-दोन हजार किलोमीटरचे एफएम संपर्क सौरचक्राच्या तळाशीही होत राहतात. कोल्हापूरच्या चालकाला एकच संच घेणे शक्य असेल आणि त्याला एफएमची ओढ असेल, तर मी निःसंकोचपणे याच संचाची शिफारस करतो.

एक काम मात्र या संचाकडून करून घेऊ नये. आपल्याच परिसरात दहा मीटरचा रिपीटर उभारावा असा विचार अधूनमधून निघतो, तो माझ्याही मनात आहे आणि तो व्हावा असे मला फार वाटते. असे दोन संच जोडून हा रिपीटर होईल, ही कल्पना मात्र सोडून द्यावी. १४५ वर प्रसारण आणि ग्रहण एकाच अँटेनावर वेगळे ठेवणारे कॅव्हिटी फिल्टर माणसाच्या उंचीत बसतात. २९ मेगाहर्ट्झला ते अवाढव्य होतात, आणि एवढे करूनही केवळ शंभर किलोहर्ट्झवरचा आपलाच प्रसारित सिग्नल ग्रहणातून पुरेसा गाळू शकत नाहीत. म्हणून दहा मीटरच्या बऱ्याच रिपीटरांचे ग्राहक आणि प्रसारक कित्येक किलोमीटर अंतरावर ठेवलेले असतात आणि दोहोंमध्ये यूएचएफचा (व्हीएचएफहूनही वरच्या फ्रिक्वेन्सीचा) दुवा असतो. आपल्याकडे ग्राहक पन्हाळ्यासारख्या शांत उंचीवर आणि प्रसारक शहराच्या दुसऱ्या बाजूला, अशी रचना भूगोलाला धरून होईल. पण तो प्रसारक तासन् तास अखंड कॅरिअरसाठी बांधलेला, मोठ्या हीटसिंकचा हवा. दोन किलोच्या मोबाइल संचाच्या जिवावर ते काम लादू नये.